साखरेचा शेवटचा अर्धा तास

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात अमेरिकेतल्या कुठल्याही सुपरमार्केटात गेलात, तर थंड कपाटांच्या रांगा हॅमनं भरलेल्या दिसतील. चकचकीत कागदात गुंडाळलेले किंवा जाळीत बांधलेले, तीन किलोपासून आठ किलोपर्यंतचे डुकराच्या मागच्या मांडीचे गुलाबी तुकडे. डिसेंबरात नाताळच्या तोंडावर पुन्हा तेच. सणाच्या दिवशी घरोघर ‘आज हॅम भाजायचंय’ असं म्हटलं जातं. पण वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचली तर कळतं की आतलं मांस आधीच पूर्ण शिजलेलं आहे. ते खारवलेलं असतं, बहुतेकदा धुरीही दिलेली असते, आणि ते थंडच कापून खाल्लं तरी चालतं. घरच्या ओव्हनला उरतात दोनच कामं: ते कोरडं पडू न देता गरम करायचं आणि वरून गोड, तकतकीत लेप चढवायचा. पहिल्याला धीर लागतो, दुसऱ्याला घड्याळ. लोकांचं हॅम बिघडतं ते जवळजवळ नेहमी ही दोन कामं एकाच वेळी उरकायला गेल्यामुळे.

मुळात ही मांडी सणाच्या ताटात आली ती थंडीमुळे. फ्रीज नव्हते तेव्हा युरोपात आणि अमेरिकेत डुक्कर कापायचं ते पानगळ सरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात. जनावर चरून लठ्ठ झालेलं असे, पुढे त्याला घालायला चारा नसे, आणि हवा गार झालेली असे. काळीज, मूत्रपिंडं, बरगड्या ताज्या खाऊन संपत. मागच्या दोन मांड्या मात्र एवढ्या जाड की लगेच संपवणं शक्य नाही आणि ठेवल्या तर सडणार. म्हणून त्या मिठात घालायच्या.

मिठाचं काम फार सावकाश चालतं. ते बाहेरून आत, हाडापर्यंत झिरपत जातं आणि तिथवर पोचायला काही आठवडे घेतं. जुने लोक किलोमागे साधारण तीन दिवस धरत. तोवर हाडालगतचं मांस बिनमिठाचंच असतं, आणि त्याला जिवाणूंपासून वाचवणारी एकच गोष्ट म्हणजे गारठा. चार-पाच अंशांच्या वर हवा गेली की मांडी बाहेरून ठणठणीत आणि आत हाडापाशी आंबलेली निघते. हवा शून्याच्या खाली गेली तर मांस गोठतं आणि मीठ जागचं हलत नाही. त्यामुळे अख्खी मांडी खारवण्याची परंपरा जगात तिथेच रुजली, जिथे हिवाळा गार पण अगदी गोठवणारा नाही: स्पेनचे डोंगर, इटलीतला पार्मा, चीनमधला जिनह्वा, अमेरिकेतलं व्हर्जिनिया आणि केंटकी.

गोव्यात पोर्तुगीज साडेचारशे वर्षं राहिले, त्यांच्याबरोबर डुकराचं मांस सणाच्या ताटात आलं, तरी तिथे अख्खी मांडी टांगून खारवण्याची रीत मोठी झाली नाही, याचं कारणही हेच असावं. कोकणपट्टीच्या दमट हवेत मीठ हाडापर्यंत पोचण्याआधीच मांस गेलेलं असतं. म्हणून गोव्यानं मांसाचे बारीक तुकडे केले आणि मिठाच्या जोडीला माडीचं व्हिनेगर घेतलं. आंबटपणा तुकड्यात भराभर उतरतो. गोव्याची चोरिसं, नाताळला सान्नांबरोबर खायचं सोरपोतेल, वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतलं इंद्याल ही सगळी उष्ण हवेत मांस टिकवण्याच्या त्याच प्रश्नाची उत्तरं आहेत. सोरपोतेल तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, हे तर तिथे लहान मुलालाही ठाऊक असतं.

मांडी खारवायची लेखी कृती सापडते ती थेट रोमन काळात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला थोरला केटो, कार्थेज नष्ट करा म्हणून सिनेटमध्ये पालुपद लावणारा तो खडूस म्हातारा, शेतीवरच्या आपल्या पुस्तकाच्या शेवटी हॅमकडे वळतो. खूर काढून टाका. प्रत्येक मांडीला अर्धा मोदियस, म्हणजे चारेक लिटरच्या मापानं, दळलेलं मीठ घ्या. रांजणाच्या तळाशी मीठ पसरा, त्यावर कातडं खाली करून मांडी ठेवा, वर पुन्हा मीठ, अशा थरांनी रांजण भरा. पाच दिवसांनी वरच्या मांड्या खाली आणि खालच्या वर करा. बारा दिवसांनी काढा, मीठ झटका, दोन दिवस वाऱ्यावर टांगा, स्पंजानं पुसून तेल चोळा, दोन दिवस धुरी द्या, मग तेल आणि व्हिनेगर चोळून टांगून ठेवा. अशा मांडीला कसर लागत नाही की किडा लागत नाही, असं तो ठणकावून सांगतो. दोन हजार वर्षांनंतरच्या व्हर्जिनियातल्या शेतकऱ्याला ही कृती वाचून दाखवली असती, तर त्यानं फक्त मीठ किती घ्यायचं यावर वाद घातला असता.

व्हर्जिनियातलं स्मिथफील्ड हे गाव या विद्येचं पीठ. 1926 साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं कायदाच केला, की व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या शेंगदाण्याच्या पट्ट्यात, शेंगदाण्यावर पोसलेल्या डुकराची आणि स्मिथफील्ड गावाच्या हद्दीत खारवलेली मांडी असेल तरच तिला स्मिथफील्ड हॅम म्हणायचं. भुईमूग काढल्यावर जमिनीत राहिलेल्या शेंगा डुकरं उकरून खात आणि त्यांची चरबी मऊ, जवळजवळ तेलकट होई. 1966 साली शेंगदाण्याची अट गेली, गावाची राहिली. तिथल्या काउंटीच्या संग्रहालयात 1902 साली खारवलेलं एक हॅम आजही ठेवलेलं आहे. ग्वाल्टनी नावाच्या व्यापाऱ्यानं त्याला पितळी पट्टा घातला आणि आपला माल फ्रीजशिवाय टिकतो हे दाखवायला तो ते हॅम प्रदर्शनांतून मिरवत असे. आता ते काळपट, सुरकुतलेल्या चामड्यासारखं दिसतं. सणाच्या टेबलावरच्या गुलाबी हॅमशी त्याचं नातं आहे यावर पाहणाऱ्याचा पटकन विश्वास बसत नाही.

त्या गुलाबी रंगाची कथा मिठापलीकडची आहे. नुसत्या मिठानं खारवलेलं साधं मांस शिजवलं की राखाडी-तपकिरी होतं. पण काही ठिकाणच्या मिठात सोरा मिसळलेला असे, आणि तिथलं मांस लालसर राहतं हे लोकांच्या लक्षात आलं. मग सोरा मुद्दाम घालू लागले. हाच सोरा बंदुकीच्या दारूतही लागतो. सतराव्या शतकापासून डच आणि इंग्रज कंपन्या तो जहाजं भरभरून युरोपात नेत होत्या, आणि त्यांचा मोठा पुरवठादार होता आपला बिहार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की रंग आणणारा सोरा नव्हे. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि खरं काम ते नायट्राइट करतं. 1901 साली जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी पुढचा दुवा जोडला: नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, ते मांसातल्या लोहयुक्त रंगद्रव्याला जाऊन चिकटतं, आणि हे जोडपं शिजवल्यावरही गुलाबीच राहतं. खाणीतल्या विषारी वायूंवरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले हेच हॉल्डेन. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले.

नायट्राइट रंगापुरतं असतं तर ते काढून टाका म्हणता आलं असतं. पण ते बॉट्युलिझमच्या जिवाणूला वाढू देत नाही, आणि त्या जिवाणूचं विष माणसाला ज्ञात असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. दुसऱ्या बाजूला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 साली प्रक्रिया केलेल्या मांसाला, म्हणजे हॅम, बेकन, सॉसेज यांना, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज 50 ग्रॅम खाण्यानं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा हिशेब. माझं मत विचाराल तर वर्षातून एक-दोनदा सणाला खाल्लेल्या हॅमची चिंता करण्यापेक्षा रोज सकाळी डब्यात जाणाऱ्या हॅम सँडविचची करावी. त्या सँडविचमधली चौकोनी चकती तर पुष्कळदा अख्ख्या मांडीची नसतेच. मांसाचे तुकडे मीठ लावून यंत्रात घुसळतात, त्यांतलं प्रथिन बाहेर येऊन चिकट होतं, आणि मग साच्यात दाबून शिजवलं की सलग वडी तयार. पुण्या-मुंबईच्या कोल्ड स्टोरेजमधून आणलेल्या पाकिटावरून ज्यांनी हॅमबद्दल मत बनवलं असेल, त्यांनी ते थोडं राखून ठेवावं.

आजच्या सुपरमार्केटातलं हॅम केटोच्या रांजणातून येत नाही. मीठ, साखर आणि नायट्राइटचं पाणी शेकडो सुयांनी थेट मांडीत टोचतात आणि आठवड्यांचं काम एक-दोन दिवसांत उरकतं. व्यापाऱ्याला यात आणखी एक फायदा: मांस वाळून घटण्याऐवजी पाण्यानं वाढतं. जुन्या पद्धतीच्या ‘कंट्री हॅम’चं वजन कायद्यानंच किमान 18 टक्के घटावं लागतं. सुईच्या हॅमला पाणी किती हे अमेरिकेत लेबलावरून कळतं, आणि खरेदीतलं निम्मं शहाणपण इथेच आहे. नुसतं ‘हॅम’ असं लिहिलेल्या मालात चरबी वगळता किमान 20.5 टक्के प्रथिन हवं. ‘नैसर्गिक रसासह’ म्हटलं की 18.5 टक्के पुरे. ‘पाणी घातलेलं’ म्हटलं की 17. आणि ‘हॅम आणि पाणी यांचा पदार्थ’ असं सरळच लिहिलं असेल तर ते वाचून पुढच्या कपाटाकडे जावं. जास्त पाण्याचं हॅम ओव्हनमध्ये रडत राहतं, तळाशी खारट पाण्याचं तळं साचतं आणि लेप त्यावर टिकत नाही. घ्यायचं ते हाडासकट घ्यावं. नळीकडचा निम्मा भाग कापायला सोपा, कारण त्यात एकच सरळ हाड असतं. कमरेकडच्या भागात मांस जास्त, पण आत वाकडं हाड असतं आणि सुरी त्यावर अडखळते.

आता लेप. हा लेप अमेरिकनांचा शोध वाटतो, पण तो त्यांचा नव्हे. आपिकियुस या नावानं चालत आलेल्या रोमन पाककृतींच्या संग्रहात एक हॅम आहे. मांडी भरपूर सुक्या अंजिरांबरोबर आणि तमालपत्रासारख्या लॉरेलच्या तीन पानांबरोबर उकडायची, कातडं सोलायचं, वर चौकटी पाडायच्या आणि त्या चौकटींत मध भरायचा. मग तेलात मळलेल्या पिठाची पोळी त्यावर लपेटून भट्टीत घालायची. पोळी भाजली की काढायचं. चौकटींच्या चिरा आणि मध, दोन्ही तिथे आहेत. फक्त उघड्यावर चकाकणाऱ्या लेपाऐवजी रोमनांनी त्याला पिठाचं पांघरूण घातलं.

चिरा शोभेच्या वाटतात, पण त्यांना काम आहे. हॅमचं जाड कातडं आधी सुरीनं सोडवून, हातानं ओढून काढतात, कारण त्यावर काहीच चिकटत नाही. खाली चरबीचा पांढरा थर लागतो. त्यातली साधारण पाव इंच चरबी ठेवायची आणि त्यावर तिरक्या-उभ्या चिरा पाडायच्या, बोटभर अंतरानं. सुरी चरबीतच थांबली पाहिजे. ती मांसात शिरली तर भाजताना चीर उमलते आणि रस निघून जातो. उष्णतेनं चरबी वितळू लागते, शंकरपाळ्यांसारख्या त्या चौकटींच्या कडा वर उचलल्या जातात, खाचांत लेप साठतो आणि कडा आधी खरपूस होतात. चाखताना जी कुरकुरीत, गोड-खारट कड दाताखाली येते, ती या खाचांची कमाई.

प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर एक लवंग टोचण्याची रीत आहे. फोटोत फार छान दिसते. पण अख्खी लवंग दाताखाली आली की तिच्यातलं युजेनॉल जीभ बधिर करतं, दात दुखल्यावर ती दाबून धरली की होते तशी. चिमूटभर लवंगेची पूड लेपात घाला आणि टोचायच्याच असतील तर कापण्याआधी मोजून काढा.

लेपात तीन गोष्टी लागतात: गोड, आंबट आणि तिखट. तीन-साडेतीन किलोच्या हॅमला एक कप ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे मोहरीचा तिखट सॉस, दोन मोठे चमचे सफरचंदाचं व्हिनेगर आणि दोन चमचे मध. हे मंद आचेवर आटवून एकतारीच्या जरा अलीकडे आणायचं. त्याहून पातळ ठेवलं तर ओघळून तळाशी जातं आणि घट्ट केलं तर ब्रशनं पसरत नाही. मोहरीचं काम नुसतं तिखटपणाचं नाही. तिच्यातला चिकटपणा साखरेचं पाणी आणि वितळती चरबी यांना एकत्र धरून ठेवतो. व्हिनेगर नसेल तर लेप नुसता गोडमिट्ट होतो आणि दुसऱ्या तुकड्याची इच्छा उरत नाही.

साखर आधीच का लावायची नाही, याचं उत्तर तापमानात आहे. साधी साखर साधारण 160 अंश सेल्सियसच्या पुढे करपायच्या वाटेला लागते. मधात फ्रुक्टोज जास्त, ते 110 अंशांच्या आसपासच रंग धरू लागतं. हॅम आतून गरम व्हायला दोन-अडीच तास लागतात. सुरुवातीलाच लेप लावला तर तेवढ्या वेळात तो कडू, काळा डांबर होतो आणि आतलं मांस कोमटच राहतं. म्हणून आधी साखरेशिवायची सगळी वाट चालून घ्यायची. ओव्हन 165 अंशांवर. पसरट भांड्याला आतून फॉइल लावलेली, तळाशी पेलाभर पाणी, कापलेली बाजू खाली, आणि वरून फॉइल घट्ट झाकलेली. किलोमागे 40 ते 50 मिनिटं. पण घड्याळावर न विसंबता थर्मामीटरची सुई मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायची. सुई हाडाला टेकली तर आकडा चुकतो. 50 अंश दिसले की फॉइल काढायची, ओव्हन 220 अंशांवर न्यायचा आणि लेपाचा पहिला हात द्यायचा. सात-आठ मिनिटांनी दुसरा, तेवढ्यानंच तिसरा. इथे ओव्हनसमोरून हलायचं नाही. लेप आधी फेसाळतो, मग त्याचे बुडबुडे मोठे आणि संथ होतात, रंग तांबूस होतो, आणि त्यानंतर दोन मिनिटांत तो काळा होऊ शकतो. आत 60 अंश झाले की बाहेर. अमेरिकेच्या कृषी खात्याचाही शिजवून बंद केलेल्या हॅमसाठी हाच आकडा आहे. दुकानात पुन्हा उघडून बांधलेलं असेल तर ते 74 सांगतात, आणि कच्चं खारवलेलं असेल तर 63 आणि वर तीन मिनिटं विसावा. बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही. लेप तेवढ्यात घट्ट होतो.

अननसाच्या चकत्या आणि मध्ये लाल चेरी, हे हॅमचं चित्र विसाव्या शतकातलं, हवाईच्या डबाबंद अननसाच्या जाहिरातींच्या काळातलं. तिथे डबाच बरा. ताज्या अननसातलं ब्रोमेलिन मांसाचं प्रथिन तोडतं, आणि चकत्या लावून बराच वेळ ठेवल्या तर खालचं मांस पिठूळ होतं. डब्यातला अननस शिजलेला असल्यानं त्यातलं ब्रोमेलिन मेलेलं असतं.

सणाच्या धांदलीत सुरी कोणी चालवायची हा घरोघरीचा प्रश्न. डेट्रॉइटच्या हॅरी हॉन्सेलार यांनी तो यंत्रानं सोडवला. मांडी फिरती ठेवून सुरी वरून खाली सरकवत हाडाभोवती एकसलग सर्पिल चकती कापणाऱ्या यंत्राचं पेटंट त्यांना 1952 साली मिळालं आणि 1957 साली त्यांनी हनीबेक्ड हॅमचं पहिलं दुकान काढलं. सोय मोठी, पण तोटा ठरलेला: आधीच कापलेल्या मांसाच्या प्रत्येक फटीतून वाफ निसटते. असं हॅम आणलंत तर फॉइल शेवटपर्यंत काढू नका, आणि लेपाचा एकच हात द्या. कापलेल्या चकतीवर कधी कधी हिरवट-मोरपंखी झाक दिसते. ती स्नायूंच्या आडव्या कापलेल्या तंतूंवर पडलेल्या प्रकाशाची किमया असते. वास आणि चिकटपणा नसेल तर घाबरण्याचं कारण नाही.

सगळेच साखरेचे भक्त नाहीत. स्वीडनमध्ये नाताळच्या हॅमला अंडं आणि मोहरीचा लेप देऊन वर पावाचा चुरा भुरभुरतात आणि उकडल्यावर उरलेल्या पाण्यात पाव बुडवून खातात. इंग्लंडात कच्चं खारवलेलं गॅमन आधी उकडून मग लेप लावतात, आणि ते कोकाकोलात उकडायची टूम पाककृतीलेखिका निगेला लॉसन यांनी घरोघर पोचवली. वाचताना विचित्र वाटतं, पण कोकाकोला म्हणजे शेवटी आंबट साखरपाणीच.

जेवण झाल्यावर हॅम टेबलावर दोन तासांच्या वर राहू देऊ नका. उरलेलं मांस हाडापासून सोडवून फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. हाड मात्र कुणी कितीही म्हटलं तरी टाकू देऊ नका. वॉशिंग्टनला अमेरिकी सिनेटच्या उपाहारगृहात पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचं सूप रोज मिळतं, आणि त्याला चव येते ती हॅमच्या नळीनंच. दाणे रात्री भिजत घाला, सकाळी हाड, कांदा आणि पाणी घालून मंद आचेवर दोन तास ठेवा. मीठ शेवटी चाखून घाला. बहुतेकदा लागत नाही.